दोन बोटं माया

नणंदेचं लग्न बावीस दिवसांवर,
आणि ब्लाऊजचा हूक काजापासून दोन बोटं लांब.
लेक साडेतीन महिन्यांची.

मी कुणाला न सांगता रात्रीची भाकरी बंद केली.
अळिवाचे लाडू शेजारच्या पोराच्या खिशात घातले,
लक्ष्मीपुरीतून एक पावडर आणली, डब्यावर बारीक बाई.
चौथ्या दिवशी लेक ओढून ओढून थकली,
सोडलं, परत धरलं, परत सोडलं,
आणि माझ्याकडे बघितलं,
पाणी येऊन गेल्यावर नळाशी घागर घेऊन
उभ्या बाईनं बघावं तसं.

माझा भाऊ रणधीर तालमीत असतो.
मागच्या जत्रेआधी तीन दिवसांत चार किलो तोडले त्यानं,
घोंगडं पांघरून उन्हात पळाला,
पाण्याची चूळ भरून थुंकला, गिळली नाही,
काट्यावर चढला तेव्हा ओठ करपल्या कांद्यासारखे.
म्हटलं, यालाच विचारावं.
तो भाचीला बघायला आला होता,
मोडक्या कानाला तिनं मूठ घातली, तो हलला नाही.
मी विचारलं.
आधी हसला. मग म्हणाला,
'आक्के, माझी जोड ठरल्याली असती.
तुझी कुणासंगं लागलीया?'
जरा थांबून,
'काट्यावरनं उतरलो की मी दूध पितो.
तू काट्यावर चढलीस तर
दूध कुणी प्यायचं?'

नवरा मार्केट यार्डात तोलार. दिवसभर गुळाचे रवे मोजतो.
त्याला काही विचारलंच नव्हतं,
तरी अंधारात म्हणाला, चैतात गूळ वाळतो,
कागदावरच्या वजनाला भरत नाही,
म्हणून कुणी रव्याला बोल लावत नाही.
त्याच्या बोटांचा गोड चिकटपणा
साबणानं जात नाही.
मी पाठ फिरवून झोपले. मला ते पटलं नव्हतं.

गुरुवारी दवाखान्यात कुंभोजे सिस्टरनी
आधी लेकीला तोललं, मग मला.
'हिचं वाढतंय. थोडं कमी, पण वाढतंय.
तुझं हळू उतरू दे, आठवड्याला अर्धा किलो, फार झालं.
भूक लागली की जेवायचं.
भाकरी, मेथी, मटकी, अंडं. पाजायला बसताना तांब्या जवळ.
पावडर कुठंय? मोरीत ओत.'
मी म्हटलं, 'आणि लाडू?'
'एक खा. चार खायला तुला कुणी सांगितलं?'
सासूबाईंनी सांगितलं होतं. मी बोलले नाही.

आता संध्याकाळी रंकाळ्याला फेरी.
पहिल्या दिवशी अर्ध्यातच कंबर बोलली, बसले.
सासूबाई लेकीला खांद्यावर घेऊन पुढं,
त्यांच्या चपला करकरतात,
भडंगाच्या गाडीशी त्या मुद्दाम हळू होतात,
माझ्याकडे न बघता म्हणतात, 'मला बाई कधी कुणी तोललंच नाही.
तिन्ही बाळंतपणांत नाही.'
कागदाचा कोन माझ्यापुढे धरतात.
मी मूठभर घेते. मूठभरच.
रात्री लेक पिताना घुटक्यांचा आवाज येतो,
मी मोजत बसते, मग मोजायचं विसरते.

तीन आठवड्यांत एक किलो दोनशे.
हूक अजून लागत नाही.

शिंपीणबाईंनी ब्लाऊज उलटा केला, चष्मा वर सरकवला,
शिवणीवर नख फिरवत म्हणाल्या,
'आत माया ठेवलीय की. दोन बोटं सोडते.'
उसवलेल्या जागेचं कापड
बाहेरच्यापेक्षा गडद निघालं,
त्याला अजून ऊन लागलं नव्हतं.

लग्नात अक्षता पडताना लेक रडली.
मी खोलीत जाऊन सगळे हूक काढले.
बाहेर पंगत बसत होती,
पांढऱ्या रश्श्याचा वास दाराखालून आत येत होता,
आणि मला सपाटून भूक लागली होती.