चौथं वाक्य

रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर एसी बंद करून
मी कपाटात शिरतो.
घोन्साल्विसनं सांगितलं होतं, लोकरीचं काही टांग,
भिंत आवाज परत देणार नाही.
मस्कतमध्ये लोकरीचं काय असणार?
एक ब्लँकेट, लग्नातला कोट,
आणि आईनं बळंच दिलेली गोधडी,
जी सहा वर्षांत पहिल्यांदा कामाला आली.

गुडघ्यावर कागद, माइकला मोजा.
पाचच वाक्यं,
कॅम्पातल्या मराठी पोरांना दाखवायच्या फिल्मसाठी.
बिनपैशाचं काम, पण पहिलंच.

दर शुक्रवारी आम्ही चौघं जमतो, बिल्किसकडे.
बिल्किस मुकादम, श्रीवर्धनची, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला;
वसईचा घोन्साल्विस, जहाजांच्या सुट्या भागांच्या दुकानात;
आणि शर्वाणी, जी आपण काहीच करत नाही असं सांगते
आणि ऐकते सगळ्यांत जास्त.
नियम एकच: ज्याचं रेकॉर्डिंग लागलंय, त्यानं बोलायचं नाही.
सर्दी होती नाही, खाली टँकर आला होता नाही.
पोह्यांची बशी धरून बसायचं
आणि आपलाच आवाज पाहुण्यासारखा
चपला काढून आत येताना बघायचा.

घोन्साल्विस म्हणाला, तुझा आवाज टाय बांधून आलाय.
पुढच्या शुक्रवारी: वाक्य संपलं की खुर्ची सरकवतोस.
बिल्किसनं ळ पकडला.
‘उन्हाळा’ म्हणताना थांबतोस तू,
रस्ता ओलांडणाऱ्यासारखा, दोन्हीकडे बघून.
खरं होतं. आमच्या मूर्तिजापुरात उन्हाया असतो.
पुण्याच्या हॉस्टेलात तो ळ मी आरशासमोर बसवला होता
खोट्या दातासारखा.
राहू दे थोडा ढिला, ती म्हणाली,
दातांचं मला कळतं.

मी सुधारलो.
श्वासाच्या जागी पेन्सिलीनं खुणा केल्या,
ओठांची चिकचिक जावी म्हणून हिरवं सफरचंद खाल्लं,
अजान संपेपर्यंत थांबायला शिकलो,
आणि संपल्यावरही लगेच नाही,
कारण तेव्हा हवेत एक जागा रिकामी असते
आणि तिच्यात कुणीही बोललं तरी मोठ्यानं वाटतं.

चौथ्या शुक्रवारी शर्वाणी बोलली.
चौथं वाक्य परत लाव.
‘चक्कर आल्यास काम थांबवा, सावलीत बसा,
कुणी रागावणार नाही.’
परत.
परत.
बाकीचं पटतं, म्हणाली. हे तुला माहीत नाही,
किंवा फार माहीत आहे.

बशी माझ्या हातात. नियम आठवला.
मी टाइमकीपर, हे त्यांना ठाऊक होतं.
नंबर ४१७ ठाऊक नव्हता.
जूनमधला, पाइपांच्या थप्पीमागे बसलेला, डोकं गुडघ्यांत.
त्याच्यापुढे मी अर्धा दिवस लिहिला,
निळ्या पेनानं, सुवाच्य.
रागावलो नव्हतो अजिबात.

त्या रात्री कपाटात फार उकडलं.
घाम कोपरावरून कागदावर,
‘कुणी’ची शाई फुगली.
सतरा वेळा वाचलं.
अठराव्या वेळी ‘रागावणार’च्या आधी
आवंढा गिळल्याचा आवाज आला,
जो सफरचंदानं जात नाही.

शुक्रवारी तो लागला. पोहे गार झाले.
घोन्साल्विसनं विचारलं, गिळलेलं कापू का?
कुणीच हो म्हणालं नाही.

रविवारी पहाटे रजिस्टर उघडलं.
जूनचं पान बंद झालंय, पगार होऊन गेलेत,
त्यात खाडाखोड चालत नाही.
४१७ नं मशीनवर बोट टेकवलं.
नाव काय, मी विचारलं.
त्यानं नंबर सांगितला.
नाव, म्हटलं, नाव.
तो थांबला.
रस्ता ओलांडणाऱ्यासारखं दोन्हीकडे बघितलं,
मग हळूच म्हणाला,
इंगये.