शेऱ्याचा रकाना

थाबा-त्सेकाच्या कचेरीतून फॉर्म आलाय.
‘वर्षभरातली उल्लेखनीय कामगिरी.’ ओळी चार.
थंडीनं पेन गोठलंय, ते काखेत धरून बसलेय
आणि विचार करतेय, काय लिहू.

लिहू का, की पीचच्या झाडाला काटा टांगून
एका सकाळी एकोणीस पोरं तोलली,
एकोणिसांनीही माझ्या नावानं बोंब ठोकली
आणि शेवटची तर झोळीतच मुतली,
जाताना आली त्याहून हलकी होऊन गेली?

गोवराचं लिहू?
पण गोवर आलाच नाही.
जे आलं नाही, त्याला रकाना कुठाय.
जे पोर मेलं नाही ते कुणाच्या ध्यानात राहतं?
ते नुसतं वाढतं. मेंढ्या हाकतं.
वाटेत भेटलं तर ओळखतही नाही मला,
माझ्याच घोडीला दगड मारतं.

घोडीचं नाव तेबोहो.
आमच्या बोलीत तेबोहो म्हणजे आभार.
पाठीवर बसता येतील असे
एवढेच आभार भेटले मला तेवीस वर्षांत.
तेही उतारावर अडतात.

मग लेबाज्वा म्हाताऱ्याचं लिहू?
वेल्कोमच्या खाणीत बावीस वर्षं दुसऱ्यांचं सोनं खणून
घरी आणलं काय, तर एक रेडिओ,
दोन घोंगड्या, आणि छातीत दगडाची पूड.
त्या पुडीत क्षयानं घर केलं.
एक वाक्य तीन हप्त्यांत बोलायचा.
तिसरा हप्ता बहुतेक बुडायचा.

सहा महिने गोळ्या.
रोज गावातली लिनेओ उभी राही त्याच्यासमोर, बुधवारी मी.
गिळल्यासारखं करायचा.
‘जीभ उचला, न्ताते.’
जिभेखाली गोळी, लाल, ओली, पकडलेली.
लघवी केशरी झाली तेव्हा म्हणाला,
‘बाई, आतून गंजवलंस तू मला.’
एकदा काठी उगारली. एकदा नुसता रडला.
ते दोन्ही बुधवार मी उंबऱ्यावर बसून राहिले,
गोळी पोटात जाईस्तोवर.
एकदा नदी चढली,
तेव्हा रात्री त्याच्याच गोठ्यात झोपले, घोडीच्या उबेला.

शेवटच्या बुधवारी
थुंकी स्वच्छ निघाल्याचा कागद दिला त्याच्या हातात.
उलटा धरून बराच वेळ बघितला.
घडी घालून टोपीत ठेवला.
म्हणाला, ‘आता येऊ नकोस.’
आणि दार लावलं.
चहासुद्धा नाही.

काल त्या अंगानं दुसऱ्या गावी निघाले होते,
लसींची पेटी खोगिराला बांधून.
तेबोहो आपसूक त्याच्या वळणाला वळली.
जनावराला कोण सांगणार, माणूस बरा झालाय म्हणून.
वाटेवर गुडघाभर गवत.
मी लगाम ओढणार,
तोच दरीतून आवाज फुटला.

शेजाऱ्याची गाढवं शिरली होती ज्वारीत.
लेबाज्वा बांधावर उभा, घोंगडी खांद्यावरून घसरलेली,
आणि शिव्या!
गाढवाला, गाढवाच्या धन्याला,
धन्याच्या आजोबाला, आजोबाच्या गाढवाला,
एका दमात.
नाडी मोजायचं घड्याळ
कधी हातात आलं, मलाच कळलं नाही.
अकरा सेकंद.
मध्ये कुठं खोकला नाही, हप्ता नाही.
समोरच्या डोंगरानं सगळ्या शिव्या नीट ऐकून घेतल्या
आणि एकेक करून परत केल्या.

त्यानं मला पाहिलं नाही.
मीही हाक मारली नाही,
बजावलं होतं ना, येऊ नकोस म्हणून.

पेन आता चालतंय.
पहिल्या ओळीवर लिहिलंय : अकरा सेकंद.
साहेब विचारतील, हे काय.
विचारू देत.
उरलेल्या तीन ओळी तशाच सोडल्यात.

आणि हो, मी तिथं उभी होते तेवढ्यात
तेबोहोनं त्या वाटेवरचं बरंच गवत खाल्लं.