चराईची वही

कॅनॉल सुप्याच्या अलीकडंच दमतो.
ऊस तिथून मागं फिरतो
आणि पुढं लागतो आमचा माळ.
सातबाऱ्यावर पोटखराब,
पुण्याहून रविवारी येणाऱ्या गाड्यांना
मोकळी जागा, हायवेपासून वीस मिनिटं.

वही माझ्याकडं असते.
दोनशे पानी, निळी, एक कोपरा शेळीनं खाल्लेला.
बारावीला भूगोलात मला ऐंशी होते,
एवढ्यावर ग्रामसभेनं माळाचा हिशेब
माझ्या ओच्यात टाकला.
चार तुकडे: खडकाचा, पाझर तलावाचा,
लांडगीच्या बिळाचा,
आणि चौथा, त्याला नाव सुचलं नाही.
हद्दीला चुन्याचे दगड.
पाऊसकाळात दोन खुले, दोन बंद,
बी झडलं की मग दसऱ्यानंतर सगळ्यांना वाट.
खडकाचा तेवढा दोन वर्षं बंदच ठेवला,
नमुना म्हणून.
लांडगीनं हद्द आठवड्यात ओळखली,
माणसांना वेळ लागला.

भाद्रपदात, उन्हं कलताना,
बंद तुकड्यात मारवेल नुकतीच निसवलेली,
आणि तिच्यात सत्तेचाळीस मेंढरं, दोन शेळ्या,
आणि काठीवर हनुवटी टेकलेला
ओळखीचा फेटा.

मेंढराला पाच, शेळीला दहा.
दोनशे पंचावन्न.
आबानं बंडीच्या खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या,
म्हणाला, नाव नीट लिही.
धुळा मायाप्पा टकले.
ग्रामसेवकानं मागं धुळाजी केलं होतं.

पावती फाडताना माझा हात थरथरला
ते त्यानं पाहिलं असावं,
कारण मग तो मला खडकाच्या तुकड्यात घेऊन गेला.
कमरेएवढं गवत. मला अभिमान होता त्याचा.
आबा उकिडवा बसला,
दोन्ही हातांनी गवत फाकवलं,
जसं कोकराच्या अंगात गोचीड बघतात तसं.
आत राखाडी काडी, गेल्या सालची,
तिच्याखाली त्याच्या आदल्या सालची.
“पोटात अंधार झालाय बघ,” म्हणाला,
“कोंब कुठनं डोकं काढंल?”

मग मी त्याला गावाजवळच्या उतारावर नेलं,
जिथं बारमाही कुणाची ना कुणाची शेळी उभी असते.
तरवड. गोखरू. वरची माती वाहून उघडा पडलेला मुरूम.
तिथं त्यानं काही फाकवलं नाही.
फाकवायला होतं काय?
तंबाखू मळत राहिला, बराच वेळ.

पुढच्या बैठकीत वहीला तीन रकाने वाढले:
कळप आत कधी, बाहेर कधी,
मागं वीतभर उरलं का.
वीत कुणाची, यावर दीड तास गेला.
सरपंचांची मोठी, पोरांची लहान,
एकानं तर मोबाईलवर सेंटिमीटर काढले.
शेवटी ठकूमावशीची धरली,
साठ वर्षं लोकर कातरून
तिच्या बोटांना माप ठाऊक आहे म्हणून.
तेवढी बाभळीची काठी तोडून मला दिली.
ठकूमावशी म्हणाली, मी मेल्यावर
माझी वीत अशीच हिंडवशील व्हय गं.

खडकाच्या तुकड्यात आबाच पहिला शिरला,
पावती घेऊन, चार दिवसांच्या बोलीनं.
पाचव्या दिवशी मी काठी घेऊन उभी.
काही जागी काठी बुडाली,
काही जागी दोन बोटं वर राहिली.
दोन्ही लिहिलं.

यंदा पाऊस उशिरा आला.
आज सकाळी चौथ्या तुकड्यात काठी रोवली
तर पाती काठीच्या वर चार बोटं,
खुला करायला हरकत नव्हती.
पण बुडख्याशी, गवत वळवून केलेल्या वाटीत
चंडोलाची तीन पिल्लं,
चोची उघडून माझ्याकडं बघणारी,
मीच आई असल्यासारखी.

घरी आले. मोज्यातली कुसळं उपटून
काडेपेटीत भरली, उताराच्या मुरुमासाठी.
आबा दारातच, वाघर खांद्यावर.
“चौथा कधी?”
म्हटलं, पंधरा दिवस.
“गवत कमी?”
म्हटलं, नाही.
तो थांबला, मग वाघर खाली ठेवली.

वहीत कारणासाठी रकाना नाही.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात.