शेपटीवरून

कुडचड्याच्या बार्ज कंपनीचा संगणक
भंगारात जायच्या आधी माझ्याकडे आला.
एकाच फोल्डरात एकोणीस हजार फायली:
'न्यू', 'न्यू दोन', 'फायनल', 'खरंच फायनल'.

चौदा ओळींची स्क्रिप्ट लिहिली.
तिला वाचता येत नाही. ती शेपटी बघते,
टिंबानंतरची तीन अक्षरं,
आणि टाकते: फोटो इकडे, पीडीएफ तिकडे, आवाज पलीकडे.
बाजारात सेराफिना बांगडे-तारले निवडते
त्याहून जलद, आणि शिव्या न देता.

चहा निवायच्या आत आवरलं सगळं.

मग दिसलं,
शेवटच्या फेरीची बार्ज फोटोंत गेलीय,
तिचं खनिज वजनपावत्यांत,
आणि फोंडू खलाशाचं "दोर सोडलो रे!"
तिसऱ्याच दाराआड.
जुवारीवरची एक सकाळ, तीन ठिकाणी.
स्क्रिप्ट चुकली नाही.
तारीख विचार, असं मीच सांगितलं नव्हतं.

एक फाईल उरली. शेपटी नाही,
आत शून्य बाइट.
नाव: 'आवयक पत्र'.
कोणी सुरू केलं असेल, रात्रपाळीत,
नाव दिलं आणि भोंगा वाजला असेल?

'इतर' असं फोल्डर बनवलं,
लगेच पुसलं.
राहू दे बाहेरच.