दीड वीत, दोन बोटं

शांतवनमामा पूर्णेहून पॅसेंजरनं आले,
गिटार वाकळेत गुंडाळलेली,
वाकळेला सुतळी, सुतळीला सात गाठी.
परभणीत माझी खोली सरकीच्या दुकानावर.
खाली पेंडीचा वास, वर मी,
भिंतींना रिकामी पोती ठोकलेली,
कोपऱ्यात चार भरलेली, खर्ज पिऊन घ्यायला.

वाकळ सुटली.
हिचं पोट सपाट नाही.
कासवाच्या पाठीसारखी फुगीर फळी,
आतून खरवडत आणलेली,
आणि मधोमध भोक नाही;
दोन कडांना दोन अवग्रह,
एक सरळ, एक आरशातला.
शाळेत बाईंनी सांगितलं होतं :
हे चिन्ह दिसलं की स्वर लांबवायचा.

"हिला माइक कामून?" मामा म्हणाले.
"रेल्वे इन्स्टिट्यूटात ट्रम्पेटच्या मागं बसायचो मी.
ठोक ठोक ठोक ठोक, चार मात्रा, रातभर.
पार शेवटच्या टेबलापर्यंत जायची ही.
वायर नाही, काही नाही."
खरंय. माइक नव्हता
म्हणूनच तर ही अशी घडली.
आता हिच्यापुढं माइक मांडायचा म्हणजे
पैलवानाच्या हातात काठी द्यायची.

अब्बांचा भोंग्यांचा धंदा होता, दिलकश साउंड सर्व्हिस.
नियम एकच : तोंडाला लाव, आवाज वाढव.
मीही आधी तेच केलं.
मोठा कंडेन्सर, थेट अवग्रहासमोर :
घागरीत तोंड घालून कुणी हाका मारतंय.
मग लग्नातला डायनॅमिक, घोडीपाशी :
फुटाणे. नुसते फुटाणे.
मग पेन्सिलीएवढा बारका, मान अंगाला मिळते तिथं :
तारा आल्या, बोटांची करकर आली,
खुर्ची आली, मामांचा दमा आला,
लाकूड तेवढं जिन्यात राहिलं.

पंखा बंद. दुपारचे दोन.
घाम अवग्रहात पडू नये म्हणून
मामा मान तिरकी करून बसलेले.
"काय हुडकू लालीस पोरी?"
काय सांगू.

राहिला होता रिबन.
जुन्या बाजारातला, आत पट्टी
बर्फीवरच्या वर्खाएवढी पातळ.
अठ्ठेचाळीस व्होल्ट बंद केले. पुन्हा जाऊन बघितलं.
हा पुढचं ऐकतो, मागचं ऐकतो,
कुशींना ठार बहिरा.
बहिरी कूस मामांच्या तोंडाकडं केली,
दमा गेला.
मागं पोती रचली, खोली गेली.
पण जागा काही सापडेना.
वर, खाली, चार बोटं इकडं,
तेवढ्यात स्टँडचा पेच निसटला,
घरंगळत गेला खुर्चीखाली.

मी गुडघ्यांवर, हात फरशीवर चाचपडत.
मामांना वाटलं काम थांबलंय;
ते आपले उगाच वाजवू लागले.
ठोका नव्हे.
ट्रम्पेटची चाल.
जी सगळी वर्षं दुसराच वाजवायचा
आणि हे त्याच्या पाठीकडं बघत ऐकायचे.
हळू, एकेक तार,
शेवटच्या टेबलासाठी नाही.

माझा डावा कान होता फळीच्या खालच्या कडेशी.
तिथं सगळं होतं :
तार, तारेमागचं लाकूड,
लाकडाच्या आतली थोडी हवा.
"थांबू नका," मी म्हणाले,
आणि तशीच वाकडी राहून
कान ते फळी हातानं मोजलं.
दीड वीत, दोन बोटं.
तिथं रिबन ठेवला. किंचित कलता,
जसं माझं डोकं होतं.

संध्याकाळी मामांनी हेडफोन चढवला.
बोलले नाहीत काही.
उजव्या हाताची बोटं तेवढी मांडीवर
ठोक ठोक ठोक ठोक,
आपल्याच चालीच्या मागं बसलेली.

खुर्चीचे चारही पाय मी खडूनं आखून ठेवलेत.
पेच अजून सापडला नाही.