बारा व्होल्ट

तिसऱ्यांदा तो निळा झाला तेव्हा
मी वसुधाच्या पाळ्यांचा तक्ता भरत होतो.
या महिन्यात चार रात्री जास्तीच्या.
शेवटच्या शुक्रवारच्या चौकोनाशी आलो
आणि पंख्यांनी एकदम श्वास टाकला.
मग आपला आपणच सुरू,
जसं काही झालंच नाही.

हडर्सफील्डला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
मला संध्याकाळ भरपूर आहे.
गिरणीच्या रंगशाळेतून मार्चमध्येच सुटलोय.
'सुटलोय' असंच सांगतो फोनवर, इचलकरंजीला.

आधी संशय पोरावर.
निषादनं सुट्टीत येऊन काय काय भरलं असेल यात!
सगळं पुसलं. पाटी कोरी केली.
कोऱ्या पाटीवरही निळा.

मग मेमरी. दोन्ही पट्ट्या उपसल्या,
सोनेरी दात खोडरबरानं घासले,
एक रात्र एकीची परीक्षा, दुसरी रात्र दुसरीची.
दोघींच्या चुका शून्य.
एवढे गुण मला कधी पडले नाहीत.

मग उष्णता. प्रोसेसरवरचा वाळका लेप खरवडला,
नवा लावला, वाटाण्याएवढा.
पंख्यातून वाटीभर धूळ निघाली,
तिच्यात वसुधाचे केस,
पूर्वीचे, लांब.
ते का कोण जाणे मी वेगळे काढून ठेवले.

चोर सोडून संन्याशाला फाशी देता देता
संन्यासी संपले.

शेजारचे क्लिफर्ड ऑर्मंड्रॉइड आले, सपातांवरच,
मल्टिमीटर काखेत.
आयुष्यभर शाळांतून वायरी ओढलेला माणूस,
आता ब्याऐंशीचा, बोटं थरथरतात,
पण सुई तारेला लावली की थांबतात.
काळी काळीला, लाल पिवळीला.
बारा पूर्णांक शून्य आठ.

"बघा, ठीक तर आहे," मी म्हणालो.

"हात रिकामे असले की
कुणीही ताठ उभं राहतं, पोरा.
ओझं टाक त्याच्यावर."

टाकलं. सिनेमा, नकाशे,
निषादचा तो धडाडधूम खेळ, सगळं एकदम.
पंखे किंचाळायला लागले.
अकरा सात.
अकरा तीन.
ताप मोजताना वाचावेत तसे मी आकडे वाचत होतो,
फक्त हा उतरत होता.
दहा नऊ,
आणि या वेळी निळासुद्धा नाही.
काळा.

म्हणजे हा. पेटीच्या तळाशी
करड्या पत्र्याचा ठोकळा.
नऊ वर्षांत त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.
त्याला दिवा नाही, आकडा नाही,
भिंतीतून घ्यायचं आणि वर वाटायचं, एवढंच.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.
क्लिफर्डनी मनगट धरलं.
"तो उघडायचा नाही. प्लग काढलास
तरी आत साठून राहिलेलं असतं."

नवा मंगळवारी येईल. चोपन्न पौंड.
वसुधाच्या कार्डावर.

सकाळी साडेआठला कुलपात किल्ली.
बूट काढताना तिनं भिंतीला हात टेकला,
मग मला पाहून काढून घेतला.
"कशी गेली रात्र?"
"ठीक."
बारा पूर्णांक शून्य आठ.

"सापडलं का, काय बिघडलंय ते?"
तिनंच विचारलं, टेबलावर उघड्या पडलेल्या पेटीकडे बघत.
मी 'हो' म्हणालो, आणि पुढे
शुक्रवारबद्दल काहीतरी बोलणार होतो,
पण आधण उकळायला लागलं,
आणि शुक्रवारचे पैसे गॅसच्या बिलाला लावून झाले होते.

म्हणून नुसती तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली.
वाटलं होतं त्याहून जड.
खुंटीला अडकवली, तशीच,
न उघडता.