खराब कागद

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
पासपोर्टच्या वह्या शिवल्या.
माझा स्वतःचा पासपोर्ट नाही. जायचं कुठे होतं?
जेलरोड ते गेट, गेट ते जेलरोड,
रविवारी मुक्तिधामच्या मागे, जावयाकडे.

आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती.
डबा उघडा, भाजीची खालची वाटीसुद्धा.
नवा होतो तेव्हा राग यायचा,
पुढे हात आपोआप वर जाऊ लागले.
निवृत्तीनंतर महिनाभर
माझ्याच दारात हात वर करून उभा राहायचो
आणि हौसा हसायची.

पण एक सांगतो.
दोरा तुटला, पान फाटलं, शाई फुटली,
तरी ती वही फेकता येत नसे.
खराब म्हणून तिची नोंद:
नंबर, पाळी, कुणाच्या हातून, कुणासमोर.
तीन सह्या.
मग मोजून जाळायची,
आणि राखेच्या पत्र्यापुढे पुन्हा सह्या.
एकदा एक वही कमी भरली
तर रात्री अकरापर्यंत दोनशे माणसं आत.
यंत्राखाली सापडली. तिचीही नोंद.

अनारुल माझ्या गच्चीवरच्या खोलीत राहायचा.
मालदाचा. पाथर्डी फाट्याला गिलाव्याचं काम.
भाडेकरूचा फॉर्म मीच भरला होता,
आधार, फोटो, मूळ गाव, दोन प्रती,
चौकीचा शिक्का मारून.
मंगळवारी पहाटे जीप आली.
"बोल, पाण्याला काय म्हणतोस?"
तो म्हणाला, "पानी."
साहेब म्हणाले, "बघा."
"जोल" म्हणाला असता
तरी "बघा"च म्हणाले असते.

बुधवारी शिक्क्याची प्रत घेऊन गेलो.
"असा कोणी इथे नाही."
आतून त्याचा खोकला येत होता.
सिमेंटवाल्यांचा खोकला वेगळा असतो,
कोरडा, वाळू चाळल्यासारखा.
म्हटलं, डायरी दाखवा.
"काका, तुम्ही कोण?"
घरमालक.
"घर तुमचंच, कशावरून?"
घरपट्टीची पावती आणायला परत गेलो.

पावती बघितली. तरी नाही. गुरुवारीही नाही.
टेबलामागच्या पोलीस बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या,
खाली बघत हळूच म्हणाल्या,
"नोंद नाही म्हणजे माणूस नाहीच ना, काका."

तीन रात्री.

घरी दिनदर्शिकेवर हौसा दुधाचं लिहिते.
मंगळवारच्या चौकोनात, "दीड लिटर"च्या खाली,
मी लिहिलं: अनारुल आत. पहाटे पावणेपाच.
बुधवार: आत. खोकला ऐकला.
गुरुवार: आत. दूध नासलं.
शुक्रवार: रात्री साडेनऊला सोडला. डाव्या कानाने ऐकू येत नाही.
खाली सही केली. हौसाला म्हटलं, तूही कर.
तिला एवढा एक "ह" काढता येतो, तेवढा काढला.

रविवारी तो गेला. भाडं चुकतं करून,
आणि न्हाणीचा फुटका कोपरा, न सांगता, गिलावून.
थापीचा माग अजून दिसतो.
फोन लागत नाही.

पाच महिन्यांनी चौकशी आली,
दोन गृहस्थ, एक बाई, विश्रामगृहावर.
"घटना घडली याला पुरावा?"
चौकीची डायरी त्यांच्यापुढे होती, स्वच्छ,
आमच्या तपासणीतून पास झालेल्या
कोऱ्या वहीसारखी.
मी सप्टेंबरचं पान पुढे केलं.
बाईंनी दुधाचा हिशेबसुद्धा वाचला.
"हे आम्ही ठेवून घेतो."
ठेवा, पण पोच द्या.
"तशी पद्धत नाही."

शिपायाने पंखा बंद केला.
खुर्च्या सरकल्या.
मी उठलो नाही. हातही वर केले नाहीत.
दोन गृहस्थ, एक बाई.
म्हटलं, तीन सह्या होतात.